टेबलाच्या पायाखालचं झाड

ज्यांना स्वतःच्या डोक्यानं साठ पत्ते निवडता येत नाहीत अशा माणसांसोबत मी दर रविवारी दुपारी खेळते. मग जातेस कशाला, असं कुणी विचारेल. जाते, कारण नागपुरात हा खेळ खेळायला दुसरी जागा मला माहीत नाही, आणि एकटीनं खेळायचा हा खेळ नाही. तो एकटीनं खेळता आला असता तर त्या दुकानाचा जिना मी पुन्हा चढले नसते.

हा आपला बावन्न पत्त्यांचा कॅट नव्हे. माझ्या शेजारणीची ठाम समजूत आहे की मी रविवारी तीनपत्ती कुटायला जाते, आणि तिची समजूत काढण्याइतकी मी रिकामी नाही. या खेळात हजारो वेगवेगळे पत्ते असतात. कशावर योद्धा, कशावर मंत्र, कशावर वादळ. लोक ते जमवतात, त्यांची अदलाबदल करतात, प्लास्टिकच्या पाकिटात जपतात. त्यातले साठ निवडून आपला डेक लावायचा आणि समोरच्याचा जीव शून्यावर आणायचा. काही डेक नुसते धावून जातात. काही समोरच्याला अडवतात, दमवतात आणि शेवटी संपवतात. या दुसऱ्या जातीला कंट्रोल म्हणतात. मी कंट्रोल खेळते. बाकी सगळे धावतात, कारण धावायला डोकं लागत नाही.

मी पोटासाठी एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवते. तिथेही हेच. पोरं गाइडमधलं उत्तर घोकून येतात आणि प्रश्नातला आकडा बदलला की तोंडाला फेस येतो. आठवडाभर हे पाहून रविवारी जिथं जावं तिथं बघते तर काय, मोठी झालेली तीच पोरं. कुणी बँकेत, कुणी दातांचा डॉक्टर, पण डेक मात्र इंटरनेटवरून जसाच्या तसा उचललेला. आयत्या बिळावर नागोबा. त्यातही एकानं उचलला की आठवड्याभरात तिघांकडे तोच. चार टेबलांवर आठ माणसं बसलेली आणि डोकं एक, तेही परदेशात.

हे पत्ते विकणारं आमचं दुकान एका सावजी खानावळीच्या वर आहे. जिना चढतानाच रश्श्याचा वास नाकात जातो आणि वर पोचेपर्यंत शिंक येते. वर एक भला मोठा कूलर आहे. त्याच्या झोतात पत्ते उडतात, म्हणून जो तो आपल्या पत्त्यांवर गाडीची किल्ली ठेवतो. कूलरसमोरचं टेबल आमच्या दुकानाच्या विजेत्याचं. तो घरी बसून कुठल्याशा कंपनीचं आयटीचं काम करतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात आयटीवाला म्हणते. त्याची एक सवय मला फार खुपायची. डेक बाहेर काढला की पहिल्यांदा तो अभिमानानं सांगणार, "हा डेक तिकडच्या चॅम्पियनचा आहे बरं का. मागच्याच महिन्यात जिंकला तो याच्यावर." स्वतःच्या लग्नात दुसऱ्याची शेरवानी घालून जायचं आणि वर ती कुणाची ते मांडवभर सांगत फिरायचं, असा प्रकार.

माझं टेबल भिंतीकडचं, जिथं कूलरचा वारा पोचत नाही. त्याचा एक पाय आखूड. मे महिन्यातल्या एका रविवारी ते फारच डुगडुगायला लागलं म्हणून वाकून पाहिलं, तर पायाखाली घडी करून सारलेला एक पत्ता अर्धवट बाहेर आला होता. तो नीट आत ढकलावा म्हणून उचलला आणि सवयीनं उलगडून वाचला.

चित्रात एक पानं झडलेलं झाड आणि मागे विहीर. खाली लिहिलेलं, त्याचा अर्थ असा: हा पत्ता टेबलावर असेपर्यंत तुम्हाला एकही योद्धा उतरवता येणार नाही. तुमची प्रत्येक पाळी गेली की या पत्त्यावर एक खूण ठेवा. वाटेल तेव्हा हा पत्ता बाजूला काढा, आणि जितक्या खुणा असतील तितके योद्धे एकदम, फुकट उतरवा.

"हा कसा आहे पत्ता?" मी दुकानदाराला विचारलं.

"कचरा आहे जी ताई," तो म्हणाला. "स्वतःचेच हात बांधून घ्यायचे. कोण खेळते त्याले? त्या खोक्यात अजून असतील पाहा."

जिन्यापाशी नको असलेल्या पत्त्यांचं एक खोकं पडलेलं असतं. त्यात हात घातल्यावर आणखी तीन निघाले. आयटीवाल्यानं मान वळवून पाहिलं आणि हसला. तो ज्या साइटवरून डेक उचलतो तिथं पत्त्यांना गुण दिलेले असतात, आणि या पत्त्याला सगळ्यात खालचे गुण होते. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरून ते दाखवलं. मी शिक्षिका आहे, गुण देणाऱ्यांची लायकी मला ठाऊक आहे.

मला मात्र तो पत्ता वाचताक्षणी ओळखीचा वाटला होता. माझं लहानपण नरखेड तालुक्यात गेलं. आमचा संत्र्याचा बगीचा होता. डिसेंबर लागला की बाबा बगीच्याचं पाणी बंद करायचे. याला ताण देणं म्हणतात. पाणी मिळतंय तोवर संत्र्याचं झाड मजेत वाढत राहतं, फुलायचं नाव घेत नाही. पाणी तोडलं की त्याची वाढ थांबते. पानांची चमक जाते, कडा मुरडतात, काही गळतात. मग योग्य वेळी पाणी सोडलं की सगळा बगीचा एकदम फुलतो. सगळी मेख त्या योग्य वेळेत आहे. उशीर झाला तर झाड जातं. लवकर सोडलं तर झाडाला नुसता पाला फुटतो आणि फूल दिसत नाही. आमच्या शेजारच्या बगीचेवाल्याला झाडांचे हाल पाहवायचे नाहीत. त्यानं एका वर्षी घाबरून मोटार सुरू केली, आणि त्याचा बगीचा इतका हिरवागार झाला की रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. संत्रं मात्र घरी खायलाही निघालं नाही.

बाबा रोज सकाळी बगीच्यातून फिरायचे, पानं बोटांत धरून पाहायचे. मी मागे मागे. मला वाटायचं, आज सोडतील. ते म्हणायचे, "अजून नाही. झाड रडते तवा आपन नाही रडाचं, पोरी."

तर तो टेबलाच्या पायाखालचा पत्ता म्हणजे ताण होता. हे त्या सबंध दुकानात मला एकटीलाच दिसलं, याचा मला इतका आनंद झाला की तो लपवताना त्रास झाला. दुकानदारानं टेबलाच्या पायाखाली माचिसची पेटी सारली आणि मी झाड घरी घेऊन आले.

घर म्हणजे मनीषनगरमधला माझा फ्लॅट. मी आणि बाबा. आई गेल्यावर बाबांनी बगीचा मक्त्यानं देऊन टाकला आणि माझ्याकडे आले. येताना संत्र्याचं एक कलम आणलं. ते बाल्कनीत प्लास्टिकच्या ड्रममध्ये आहे आणि त्याला ते सकाळ-संध्याकाळ मगानं पाणी घालतात. ज्या माणसाचा हात अख्खा बगीचा वाळताना हलला नाही, तो एका ड्रमला दोन वेळा पाणी पाजतो. मला ते बघवत नाही.

"बाबा, ताण द्या की त्याला," मी एकदा म्हटलं.

"काहून? बजारात न्याचं हाये का ते?" ते म्हणाले. "हिरवं दिसते, लय झालं."

निवृत्त झालेली माणसं अशीच वाया जातात, असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागले.

घडी पडलेला पत्ता खेळायच्या कामाचा नव्हता, घडीवरून तो न उचलताही ओळखू आला असता. तो मी चुंबकानं फ्रिजवर लावला. बाकीच्या तीन पत्त्यांभोवती डेक लावायचा होता. स्वतः योद्धे उतरवता येत नाहीत, तेव्हा तोवर समोरच्याला मंत्रांनी अडवून धरायचं. मी ठरवलं, अडवणारे पत्तेही बगीच्यातलेच हवेत. काट्यांचं कुंपण घेतलं. धावून येणाऱ्याला गरगर फिरवून परत पाठवणारी वावटळ घेतली, आटलेला नाला घेतला. कावळ्यांचा एक थवा घेतला, जो समोरच्याच्या हातातला पत्ता पळवतो. समोरच्याचा एक वार भलतीकडे नेणारं मृगजळ घेतलं. दातांच्या डॉक्टरनं मोठ्या मनानं एक जबरदस्त पत्ता देऊ केला, सगळं धुऊन नेणारा. पण त्यावर समुद्र होता.

"मला नको," मी म्हटलं. "नरखेडला समुद्र नाही."

"अहो मॅडम, चित्र कोण पाहते? पॉवर पाहा ना त्याची!"

चित्र कोण पाहतं! ज्या माणसाला वीस वर्षं लोकांच्या दाढा पाहून कंटाळा आला नाही, त्याला चित्र बघायचा मात्र कंटाळा. मी तो परत केला. सगळा डेक एका उन्हाचा, एका मातीचा झाला पाहिजे, ही माझी अट होती, आणि अट माझी असल्यामुळे मी ती पाळली. खुणांसाठी बाकीचे काचेचे मणी वापरतात. मी संत्र्याच्या वाळलेल्या बिया वापरायला लागले.

सुरुवातीला सपाटून हरले. हरण्याचं मला काही वाटत नाही, हसण्याचं वाटतं. माझ्या बिया पाहून हसायचे, झाड पाहून हसायचे. मग मी कुंपणं वाढवली, कावळे कमी केले, आणि जूनच्या शेवटाला डेक चालायला लागला. हसणं बंद झालं आणि कुरकुर सुरू झाली. माझा एक डाव होईपर्यंत इतरांचे तीन व्हायचे. बँकेतला एकजण उघडच म्हणाला, "तुमच्यासमोर बसलं की माणूस म्हातारा होते जी." नाचता येईना अंगण वाकडं! ज्यांना दोन पाळ्या गप्प बसवत नाही, त्यांनी म्हातारपणाच्या गोष्टी करू नयेत.

शेवटी एका रविवारी आयटीवाला स्वतः माझ्या टेबलापाशी आला. बरोबर बाकीचे. मला कळलं, आपसात बोलून आलेत.

"मॅडम, एक शर्त लावू," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी तुम्ही अन् मी. तुम्ही हरल्या तर हे झाड घरी ठेवायचं, अन् मी देईन तो डेक खेळायचा. साइटवरचा. साधा, फास्ट. सगळे खुश."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी तुमचं झाड खेळतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मी हो म्हटलं. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही, हे सांगून टाकते. हरण्याची भीती नव्हती. दुसऱ्यानं लावलेला डेक हातात धरून त्या लोकांमध्ये बसायचं, म्हणजे त्यांच्यातलीच एक व्हायचं, या विचारानं मी रात्री उठून डेक पुन्हा पुन्हा लावून बघायची. माझ्याकडे मिरवावं असं फार काही नाही. लग्न केलं नाही, पुस्तक लिहिलं नाही, मोठ्या कॉलेजात नोकरी मिळाली नाही. पण जे केलं ते स्वतःच्या डोक्यानं, एवढं एक मी स्वतःला सांगत आले आहे. तेही त्या चार टेबलांच्या दुकानात गहाण पडलं होतं.

रविवार आला. सगळे आमच्याभोवती उभे. आयटीवाल्यानं नेहमीप्रमाणे डेक कुणाचा ते सांगितलं आणि पहिल्याच पाळीपासून धावून आला. मी झाड उतरवलं आणि बसले. त्याचे घोडेस्वार यायचे, कुंपणात अडकायचे, काही निसटून मला जखमी करायचे. मी एक बी ठेवायची. तो मोठ्यानं उसासे टाकायचा, मी एक बी ठेवायची. माझा जीव उतरत उतरत काठाला आला.

"सोडा ना आता, मॅडम," तो म्हणाला. "मरून राहिल्या तुम्ही. काहून जीव धरून बसल्या?"

झाडावर पुष्कळ बिया जमल्या होत्या. झाड काढून सगळे योद्धे उतरवावेत, असं मलाही वाटत होतं. हात तिकडे गेलाही. पण त्याच्या हातात अजून दोन पत्ते होते, आणि ज्याच्या हातात पत्ते आहेत तो उत्तर देऊ शकतो. अजून नाही. मी मृगजळ टाकलं आणि वाट पाहिली. त्याच्यानं राहवलं नाही. मी संपलेच असं धरून त्यानं दोन्ही पत्ते टेबलावर आपटले. कुंपणानं मला जेमतेम वाचवलं. त्याचा हात रिकामा झाला.

मग मी झाड बाजूला काढलं. जितक्या बिया होत्या तितके योद्धे माझ्या बाजूला एकदम उभे राहिले, आणि त्याच्याकडे उत्तरादाखल टाकायला एकही पत्ता नव्हता. पुढच्या पाळीत डाव संपला. कुणी टाळी वाजवली नाही. दुकानदार तेवढा "बापरे" म्हणाला.

माणूस शब्दाचा पक्का निघाला, हे मान्य करायला हवं. पुढच्या रविवारी तो माझ्या टेबलाशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि माझा डेक मागितला. मी त्याचा घेतला. म्हटलं, बघू तरी, डोकं बाजूला ठेवून खेळल्यावर कसं वाटतं. फार सोपं असतं. पत्ता हातात आला की टाकायचा. मी त्याच्यावर चालून जात होते आणि तो हातात बी धरून घामाघूम. थोडा जीव गेला, तोच त्यानं झाड बाजूला काढलं. माझ्या हातात तेव्हा मूठभर पत्ते होते. त्याचे चार-दोन योद्धे मी उभ्या उभ्या कापले. हुबेहूब आमचा शेजारचा बगीचेवाला, हिरवागार आणि निकामी.

"लवकर सोडलं पाणी तुम्ही," मी म्हटलं. मला हे म्हणताना किती गोड वाटलं ते इथं लिहीत नाही.

त्याला राग आला नाही. त्यानं मोबाइल काढला, लिहून घ्यायला. "मंग किती टर्ननंतर सोडायचं? नंबर सांगा ना."

"नंबर नसतो. झाड पाहून सोडायचं."

"म्हंजे काय पाहायचं झाडात? सांगा ना जी, मॅडम. मी पण शिकतो."

"ते सांगून येत नाही," मी म्हटलं, आणि डेक पर्समध्ये टाकून निघाले. नंबर पाहिजे म्हणे! माझ्या वर्गातलं सगळ्यात मागच्या बाकावरचं पोरगं यापेक्षा बरं विचारतं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा बाल्कनीत ड्रमपाशी स्टूल टाकून बसले होते. मी इतकी खुशीत होते की चहा न टाकताच त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. एरवी मी त्यांना खेळाबद्दल सांगत नाही, त्यांच्या लेखी ते पत्तेच. पण त्या दिवशी पायाखालच्या पत्त्यापासून नंबर मागणाऱ्या आयटीवाल्यापर्यंत सगळं सांगितलं, त्याच्या नकला करून दाखवल्या. बाबा हसले.

"मंग तुले कसं समजते, कवा सोडाचं ते?"

"समजतं. अशा लोकांना ते कळायचं नाही, बाबा. दुसऱ्याचं उचलून जगणारी माणसं. माझा डेक माझ्या डोक्यातून आलाय."

"असं," ते म्हणाले. "तो फ्रिजवरचा पत्ता आन बरं."

मी आणून दिला. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं, घडीवरून अंगठा फिरवला. मग काय लिहिलंय ते माझ्याकडून पुन्हा मराठीत वदवून घेतलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्हंजे पहिले पानी तोडाचं. झाड वाळू द्याचं. कुंपन घालाचं. जनावर आलं तं हाकलाचं. लोकं हासले तरी गप बसाचं. अन् मंग पाहून पाहून पानी सोडाचं."

"हो! अगदी बरोबर," मी म्हटलं.

बाबांनी पत्ता माझ्या हातात परत दिला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उगीच आपली चौकशी होती.

"हे तं सारं माह्यावालंच हाये वं, पोरी. तू काय केलं याच्यात?"

त्यांनी वाकून मगात पाणी भरलं आणि ड्रममध्ये घातलं. मी पत्ता परत फ्रिजवर लावायला उठले. आयटीवाला निदान डेक काढला की पहिल्यांदा सांगतो, तो कुणाचा आहे ते.